कामाची कुत्री – लेखांक ९ : बिळात शिरणारा टेरियर

जमिनीखाली दडलेल्या जनावरापर्यंत पोचायचे आणि त्याला उघड्यावर यायला भाग पाडायचे, या एका कामासाठी ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत टेरियर जोपासला गेला. फॉक्सहाउंड वासावर धावतो, ग्रेहाउंड नजरेवर. पण कोल्हा एकदा बिळात शिरला की दोघांचेही काम संपते, आणि टेरियरचे सुरू होते. राणी पहिल्या एलिझाबेथचे वैद्य जॉन कीझ यांनी १५७० मध्ये इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटे पुस्तक लिहिले. कोल्हा आणि बॅजर (बिळे खणून राहणारा थोराड प्राणी) यांच्यामागे बिळात घुसणाऱ्या कुत्र्यांचा वेगळा वर्ग त्यात सांगितला आहे. हा कुत्रा तेव्हा रूपावरून नव्हे, कामावरून ओळखला जात होता, आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षे तसाच ओळखला गेला.

त्याचा बांधा बिळाच्या मापाने ठरला. ब्रिटनमधला तांबडा कोल्हा साधारण पाच ते सात किलोंचा असतो आणि अंगावरच्या दाट केसांमुळे आहे त्याहून बराच मोठा दिसतो. तो जिथून निसटेल तिथून कुत्र्यालाही जाता आले पाहिजे. म्हणून जाणकार माणूस टेरियर निवडताना आधी छाती पाहतो. पुढच्या पायांच्या मागे छातीभोवती दोन्ही हातांची पकड घालायची. वर पाठीवर अंगठे आणि खाली बोटे एकमेकांना टेकली तर कुत्रा बिळात चालेल. पार्सन रसेल जातीच्या प्रदर्शनात परीक्षक आजही याच रीतीने माप घेतात, आणि तिथे घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असावा अशी अपेक्षा असते. छाती नुसती लहान असून भागत नाही, ती दाबाखाली थोडी लवणारी हवी. पाय मात्र फार आखूड चालत नाहीत. घोड्यांमागे मैलोन्‌मैल जावे लागे तिथे उंच पायांचा कुत्रा टिके; इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर टेरियर असा आहे. अंगावरचे केस राठ आणि दुहेरी असतात, त्यामुळे ओल कातडीपर्यंत पोचत नाही. शेपटी पूर्वी छाटत, पण मुठीत मावेल इतकी ठेवत, कारण अडकलेल्या कुत्र्याला मागे ओढायला तेवढाच आधार असे. २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये शेपटी छाटण्यावर बंदी आली. कामाच्या कुत्र्यांना पशुवैद्याच्या दाखल्यावर सूट आहे. स्कॉटलंडमध्ये टेरियरला तीही नाही.

टेरियरच्या धाडसाचे पोवाडे पुष्कळ गायले जातात. प्रत्यक्ष कामात धाडसापेक्षा संयमाला किंमत जास्त. चांगला टेरियर अंधारात वासावर पुढे सरकतो, कोल्ह्यासमोर येतो आणि हातभर अंतर राखून एकसारखा भुंकत राहतो. मध्येच पुढे झेप घेतो, लगेच मागे सरतो. या सततच्या कटकटीला कंटाळून कोल्हा दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. तिथे जाळे असते किंवा बंदूकधारी माणूस उभा असतो. कोल्हा हललाच नाही तर वरची माणसे कुदळ-फावडे घेऊन कुत्र्याच्या आवाजाच्या रोखाने खणत जातात. पूर्वी जमिनीला कान लावून तो आवाज शोधत. आता कुत्र्याच्या पट्ट्यात छोटा प्रक्षेपक बसवतात आणि हातातल्या पेटीवर जागा व खोली कळते. जो टेरियर न भुंकता थेट चावा घेऊन लटकतो त्याचे कौतुक फार होते, पण मालकाला तो महाग पडतो. त्याचा जबडा आणि नाक फाटते, तो कित्येक दिवस कामातून जातो, आणि मुका असल्याने खणायचे कुठे तेही कळत नाही. बॅजर कोल्ह्याच्या दीडदोन पट वजनाचा, खणण्यासाठी बनलेल्या नखांचा. त्याच्यापुढे असा आडदांडपणा कुत्र्याच्या जिवावर बेततो. समजूतदार लोक पिल्लाला आधी कोंबड्या आणि मेंढ्यांची सवय लावतात, मग उंदरांवर तयार करतात, आणि वर्षभराचे झाल्याशिवाय बिळात सोडत नाहीत.

या कामाला सर्वांत कठीण मुलूख इंग्लंडच्या वायव्येकडचा लेक डिस्ट्रिक्ट. तिथले डोंगर इतके उभे आणि खडकाळ आहेत की घोड्यांवरून शिकार होत नसे. शिकारी पायी चालत आणि सोबत मेंढपाळ असत. वसंतात कोकरे जन्मू लागली की कोल्ह्याचा बंदोबस्त हा शौक उरत नसे, मेंढपाळ स्वतः बोलावणे धाडत. कोल्हा इथे मातीच्या बिळापेक्षा कोसळलेल्या दरडींच्या ढिगाऱ्यात दडतो. तिथे फावड्याचे काही चालत नाही, आणि उडी मारून खालच्या कपारीत उतरलेला कुत्रा परत वर येईलच असे नाही. लॉर्ड लॉन्सडेल यांच्या घराण्यात पैदास झालेला एक टेरियर १८७१ मध्ये पाणमांजराच्या मागे खडकाखाली सुमारे सात मीटर आत गेला आणि सुरुंग लावून तीन दिवसांनी जिवंत बाहेर काढावा लागला, अशी नोंद आहे. लेकलँड, पॅटरडेल, बॉर्डर, बेडलिंग्टन, एअरडेल, सीलिहॅम या जाती आपापल्या मुलखाच्या, खोऱ्याच्या, गावाच्या किंवा वाड्याच्या नावाने ओळखल्या जातात. दगड, माती आणि सावज बदलले तसा कुत्राही बदलला. त्यातला एअरडेल तर बिळात मावण्याइतका लहान राहिलाच नाही. यॉर्कशरमधल्या एअर नदीकाठी तो पाणमांजरावर वापरला जाई.

सर्वांत प्रसिद्ध नाव मात्र एका पाद्र्याचे आहे. जॉन रसेल (१७९५–१८८३) हे डेव्हन परगण्यातल्या स्विमब्रिज गावचे धर्मगुरू आणि शिकारीचे कमालीचे शौकीन. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून आपले घराणे वाढवले. पांढऱ्या रंगाचे कारण व्यावहारिक सांगितले जाते : बिळातून मातीने माखून बाहेर आलेल्या तपकिरी टेरियरला फॉक्सहाउंड कोल्हा समजून फाडण्याची भीती असे. १८७३ मध्ये लंडनला कुत्र्यांच्या जातींची नोंदणी आणि प्रदर्शने पाहणारा केनेल क्लब स्थापन झाला, त्याच्या आरंभीच्या सदस्यांत रसेल होते. प्रदर्शनात त्यांनी इतरांच्या फॉक्स टेरियरचे परीक्षणही केले, पण स्वतःची कुत्री त्या वाटेला जाऊ दिली नाहीत. प्रदर्शनामुळे कामाचा कुत्रा बिघडेल हा त्यांचा अंदाज बरोबर ठरला. प्रदर्शनातल्या फॉक्स टेरियरचे डोके लांब झाले, छाती खोल झाली, चाल डौलदार झाली, आणि बहुतेक घराण्यांचा बिळाशी संबंध तुटला. रसेल यांच्या नावाचा कुत्रा मात्र शेतकरी आणि शिकारी यांच्याकडे नोंदणीविना शंभर वर्षे तसाच राहिला. केनेल क्लबने पार्सन रसेल जातीला १९९० मध्ये आणि जॅक रसेलला २०१६ मध्ये मान्यता दिली, तेव्हा कित्येक जुन्या मालकांनी आनंदाऐवजी नाराजी दाखवली.

या इतिहासाची काळी बाजू लहान नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दारूगुत्त्यांतल्या हौदांत उंदीर सोडून त्यांवर टेरियर घालत आणि पैजा लावत. १८२३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या हौदात बिली नावाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याचे तेव्हा खूप गाजले. अस्वल, बैल आणि बॅजर यांच्यावर कुत्री घालण्याच्या खेळांवर १८३५ च्या कायद्याने बंदी आली. उंदरांचा खेळ मात्र विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहिला. बॅजरवरची क्रूरता चोरून चालूच होती, म्हणून १९७३ मध्ये त्याला खास कायद्याचे संरक्षण मिळाले आणि १९९१-९२ च्या कायद्यांनी त्याची बिळेही संरक्षित झाली. आज त्याच्या बिळात कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे. तरी हे प्रकार पूर्णपणे थांबलेले नाहीत, आणि चेहऱ्यावर जखमा असलेला टेरियर दवाखान्यात आला की पशुवैद्याच्या मनात पहिली शंका हीच येते.

कोल्ह्याच्या शिकारीवरचा वाद सर्वांत कडाक्याचा झाला. सरकारने नेमलेल्या लॉर्ड बर्न्स समितीने जून २००० मध्ये अहवाल दिला. कोल्ह्याला कोंडून खणून काढण्यात त्याचे गंभीर हाल होतात, कारण हे काम बराच वेळ चालते आणि त्याला पळायला वाट नसते, असे तिचे मत पडले. २००४ चा शिकार कायदा इंग्लंड-वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्याने कुत्र्यांच्या टोळीने शिकार करणे बंद केले, पण बिळात टेरियर सोडण्याची एक अरुंद वाट ठेवली : एका वेळी एकच कुत्रा, जमीनमालकाची लेखी परवानगी, आणि बाहेर पडलेला कोल्हा लगेच गोळीने मारणे. हेतू मात्र एकच चालतो, बंदुकीच्या शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचे रक्षण. ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट पक्षी वाढवून रानात सोडतात, म्हणून ही सूट आली. कोकरे वाचवायला बिळात टेरियर सोडता येत नाही, पुढे गोळी घालायचे पक्षी वाचवायला येतो! डोंगरातल्या मेंढपाळाला हा न्याय उलटा वाटला तर त्याला दोष देता येत नाही. स्कॉटलंडने २०२३ च्या कायद्यात कोल्ह्यासाठी बिळात एकच कुत्रा सोडण्याची वाट ठेवली.

ज्या कामावर फारसा वाद नाही ते उंदरांचे. उंदीर आणि ससा यांना २००४ च्या कायद्याने जमीनमालकाच्या संमतीच्या अटीवर वगळले आहे. पूर्वी धान्याच्या गंजी हिवाळ्यात मळणीसाठी उलगडत. तळाचे थर उरले की उंदीर चहूकडे पळत आणि आसपासच्या शेतांवरचे टेरियर तिथे आधीच जमलेले असत. आज कोंबड्यांच्या शेडमध्ये, डुकरांच्या गोठ्यात, चाऱ्याच्या गुदामात तेच चालते. बिळांच्या तोंडात छोट्या पेट्रोल यंत्राने धूर सोडतात आणि बाहेर आलेला उंदीर टेरियर पकडतो, मानेला एक झटका देतो, टाकून पुढच्याकडे वळतो. मरायला क्षणभर लागतो. याउलट रक्त न गोठू देणाऱ्या विषाने मरायला काही दिवस लागतात, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडासारखे पक्षीही बाधतात. वॉरफरिन या विषाला न जुमानणारे उंदीर स्कॉटलंडमध्ये १९५८ मध्येच आढळले होते. त्यामुळे शेतकऱ्याला कुत्र्याची गरज उरली. मुंबई महापालिका हेच काम रात्रपाळीच्या माणसांकडून काठी आणि विजेरीच्या बळावर करून घेत आली आहे. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओळखीचा आहे. ब्रिटनमधल्या टेरियरला आणि त्याच्या मालकालाही तोच धोका असतो. म्हणून कामाच्या कुत्र्याला दरवर्षी या रोगाची लस टोचतात, आणि शिकारीनंतर त्याच्या तोंडावरचे चावे धुऊन जंतुनाशक लावल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत.