‘तेंडुलकर’ : एका ग्रामवाचक आडनावाची साक्ष

क्रीडा, चित्रपट व चित्रकला अशा भिन्न क्षेत्रांत एकच आडनाव आढळले, की त्या व्यक्ती एकाच कुळातील असाव्यात अशी समजूत सहज होते. आडनाव हा शब्द नेमकी कशाची साक्ष देतो, हे पाहिल्यास या समजुतीचा आधार किती तोकडा आहे ते ध्यानात येईल.

‘तेंडुलकर’ हे आडनाव कुडाळ तालुक्यातील तेंडोली या गावाशी जोडले जाते. हा तालुका १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. ‘तेंडोली’ या ग्रामनामास ‘-कर’ प्रत्यय लागताना अन्त्य ईकाराचा लोप होऊन ‘तेंडोलकर’ आणि मधल्या ओकाराचा उकार होऊन ‘तेंडुलकर’ अशी रूपे सिद्ध होतात. दोन्ही आडनावे प्रचारात आहेत. असाच लोप मंगेशी–मंगेशकर, साखळी–साखळकर या जोड्यांत दिसतो. उलट वेंगुर्ले–वेंगुर्लेकर, आडिवरे–आडिवरेकर यांत अन्त्य एकार टिकून आहे.

मात्र रत्नागिरीच्या रहिवाशास ‘रत्नागिरीकर’ म्हणताना ईकार लोपत नाही. प्रत्यय एकच असला तरी त्याची कार्ये दोन आहेत. ‘रत्नागिरीकर’ हा शब्द बहुधा माणूस आज राहतो ते गाव सांगतो. ‘तेंडुलकर’ हे आडनाव पूर्वजांनी सोडलेले गाव सांगते. तेंडोलीतच राहणाऱ्यास ‘तेंडोलीचा’ म्हणून ओळखण्याचे प्रयोजन नव्हते; ते परगावी उत्पन्न झाले. त्यामुळे एकाच गावातून निघालेल्या, परस्परांशी रक्ताचे नाते नसलेल्या घराण्यांनाही एकच आडनाव लाभणे स्वाभाविक होते.

नाटककार विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांनी ‘निशांत’ (१९७५) व ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर हे त्यांचे बंधू आणि ‘रजनी’ (१९८५) या दूरदर्शन मालिकेतील अभिनेत्री प्रिया तेंडुलकर या त्यांच्या कन्या. दोनशे कसोटी सामने खेळून २०१३ साली निवृत्त झालेले सचिन तेंडुलकर हे कवी व समीक्षक रमेश तेंडुलकर यांचे पुत्र. महात्मा गांधींचे आठ खंडांतील चरित्र (१९५१–५४) लिहिणारे दी. गो. तेंडुलकर हेही याच आडनावाचे. यांपैकी बंधू, कन्या व पुत्र ही नाती चरित्रविषयक माहितीवरून कळतात. आडनावावरून त्यांपैकी एकही सिद्ध होत नाही.

तात्पर्य, ‘-कर’ प्रत्ययान्त आडनाव हा स्थलांतराचा पुरावा होय, वंशाचा नव्हे. चरित्रकोश अथवा ग्रंथसूची सिद्ध करताना आडनावाच्या साम्यावरून नाते जोडणे म्हणजे गावाच्या नावास कुळाचे नाव मानणे होय. भाषाभ्यासकाने प्रथम शब्दाची घडण पाहावी; नात्याचा निर्णय मात्र वंशावळीवर व कागदपत्रांवर सोपवावा.