गावाने विकत घेतलेला पब

इंग्लंडातील एका खेड्याने पैसे जमवून गावचे मद्यगृह विकत घेतले, असे सांगितले तर आपणांपैकी पुष्कळांना ही उलटी गंगा वाटेल. आपल्याकडे बाया ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दुकान बंद पाडतात, तेथे ते चालावे म्हणून गाव झटते! तेव्हा प्रथम ‘पब’ म्हणजे काय, ते पाहू.

हे ‘पब्लिक हाऊस’चे लघुरूप, म्हणजे सार्वजनिक घर. मालक खासगी, पण बैठक गावाची. बियर तेथे मिळतेच. पण जेवणखाण, खेळ, सभा, बारशानंतरची मेजवानी आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा याही तेथेच. आपल्या चावडीचे आणि पाराचे पुष्कळसे काम तो करतो. खेड्यातली शाळा गेली, टपालघर गेले, की बहुधा हेच एक सामाईक छप्पर उरते. परंतु घर म्हणून विकल्यास त्याच इमारतीला अधिक पैसे येतात, आणि मालकाला तो मोह होतो.

यॉर्कशायरमधील रिचमंडजवळच्या हडस्वेल गावात असेच संकट आले. तेथील ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ हा पब २००८ साली बंद पडला. गावकरी हळहळून स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी संस्था स्थापिली, भाग विकले, वास्तू घेतली, डागडुजी केली आणि २०१० साली दार पुन्हा उघडले. आत छोटे वाचनालय आणि दुकान आले, भाजीपाल्यासाठी जमिनीचे वाफे लोकांना मिळाले. २०१६ साली ‘कॅम्रा’ या बियरप्रेमींच्या संघटनेने देशातील सर्वोत्तम पब म्हणून त्याचीच निवड केली.

अशा संस्थेची घडण सोपी आहे. भाग कितीही घ्या, मत एकच. भागावर माफक व्याज मिळू शकते, पण भाव चढवून तो विकता येत नाही. त्यामुळे सट्टेबाज फिरकत नाही. रोजचा कारभार बहुधा भाडेकरू चालक पाहतो, धोरण सभासद ठरवितात. इंग्लंडात २०११ च्या कायद्यानेही हात दिला: समाजोपयोगी म्हणून नोंदलेली वास्तू विक्रीस निघाली आणि स्थानिक मंडळाने मुदतीत इच्छा कळविली, तर विक्री सहा महिने थांबविण्याची तरतूद त्यात होती. मात्र मालकाने गावालाच विकावे, अशी सक्ती त्या कायद्यात नव्हती. पैसा गावानेच उभा करावयाचा.

अर्थात मालकी मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. हिवाळ्यातल्या मंगळवारी गिऱ्हाईक आले नाही, तर भागपत्रे भाडे भरीत नाहीत. गाव मालक झाले, तरी गावाने यावेही लागते.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी ज्या सहकाराचा पाया घातला, त्याच वाटेने प्रवरेचा साखर कारखाना १९५० साली उभा राहिला. मद्याविषयी आपले मत काहीही असो. बाटली आडवी करणारी आपली बाई आणि पब वाचविणारा हडस्वेलकर एकच हक्क मागतात: आमच्या गावात काय असावे, ते आम्ही ठरवू.

आता प्रश्न आपल्यापुढे. आपल्या पेठेतले वाचनालय, तालीम, नाट्यगृह उद्या विक्रीस निघाले, तर आपण नुसते हळहळणार, की खिशात हात घालणार?