धमाल आणि गनावा

धमाल किंवा गोमा हे सिद्दी समाजाचे पारंपरिक वादन-नृत्य. सिद्दींचे पूर्वज प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून सैनिक, खलाशी आणि गुलाम म्हणून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. कोकणात जंजिऱ्याची गादी १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत सिद्दी नबाबांकडे होती. धमालीची परंपरा मात्र जोमाने टिकली ती गुजरातेतल्या सामान्य सिद्दींच्या वस्त्यांत आणि भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यासारख्या ठिकाणी.

धमालीत वाजणारा मुगरमान हा पायांवर उभा राहणारा मोठा ढोल. माई मिसरा म्हणजे नारळाचा खुळखुळा. सर्वांत विलक्षण मलुंगा: धनुष्याला एकच तार, नाद वाढवायला भोपळा, आणि तारेवर काठीचा आघात. ब्राझीलचे बेरिंबाव याच कुळातले. लय चढत जाते आणि नर्तक हवेत उडवलेला नारळ डोक्यावर झेलून फोडतो.

अशीच आफ्रिकी मुळांची परंपरा मोरोक्कोतही आहे. तिथे सहारापलीकडून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी गनावा संगीत घडवले. त्यात तीन तारांचे गिंब्री आणि लोखंडी करकेब वाजतात. एसाउइरा शहरात १९९८ पासून त्याचा महोत्सव भरतो. २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसायादीत गनावाची नोंद झाली. गनावाचा मूळ विधी रात्रभर चालतो आणि त्याची लय सावकाश चढत जाते. तासाभराच्या मैफलीत ती सावकाश चढण आखडते, आणि हे नुकसान मोठे आहे.