आजारपणाच्या दिवसाची मजुरी

जून 2021 मध्ये निर्बंध शिथिल करण्यासाठी राज्य शासनाने जिल्ह्यांची पाच स्तरांत विभागणी केली, तेव्हा कोल्हापूर चौथ्या स्तरात राहिले. मुंबईतील दुसरी लाट ओसरू लागली असताना येथे मात्र तपासलेल्या शंभर जणांमागे पंधराहून अधिक बाधित आढळत होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांच्या गेटवर तापमापक कपाळासमोर धरला जात होता, हातांवर जंतुनाशक पडत होते, मुखपट्टीवाचून प्रवेश नव्हता. ही दक्षता निरर्थक होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोगाला गेटवर अडवू पाहणारी ही व्यवस्था, तो गेटपर्यंत येतो कशामुळे, या प्रश्नाला स्पर्शही करीत नव्हती.

तो येतो, कारण अंगात कणकण असलेला कामगार घरी राहिला तर त्याचा रोज बुडतो. तापाची गोळी घेतलेल्या माणसाला तापमापक ओळखत नाही.

कामाच्या जागेचा विचारही आपल्याकडे वरवरच झाला. फौंड्रीची शेड बहुधा उंच छपराची व बाजूंनी मोकळी असते. तेथे भट्टीच्या धगीत मुखपट्टी लावणे जिकिरीचे असले, तरी हवा खेळती असते. धोका अधिक तो कपडे बदलण्याच्या खोलीत, जेवणाच्या बाकावर, कामगारांना आणणाऱ्या गाडीत आणि परप्रांतीय मजूर दाटीवाटीने राहतात त्या भाड्याच्या खोल्यांत. इचलकरंजीतील यंत्रमागाची गोष्ट याहून वेगळी. सूत कोरडे पडून तुटू नये म्हणून शेडमध्ये दमटपणा राखावा लागतो, खिडक्या मिटलेल्या असतात. मागांच्या खडखडाटात कांडीवाल्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. मोठ्याने बोलताना तोंडावाटे सूक्ष्म तुषार अधिक उडतात आणि कोंदट हवेत ते तरंगत राहतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. अशा शेडमध्ये सहा फुटांच्या अंतराचा नियम कितपत उपयोगी पडणार होता?

शासनाला मजुरीचा प्रश्न अगदीच उमगला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल 2021 च्या आदेशांत, एखादा कामगार बाधित आढळल्यास त्याच्या निकट संपर्कातील सहकाऱ्यांना पगारासह विलगीकरणात ठेवावे, असे कारखान्यांना बजावले होते. बांधकाम मजुरांच्या बाबतीत तर बाधिताला कामावरून काढता येणार नाही व त्याला पूर्ण मजुरी द्यावी, असे स्पष्ट शब्द होते. आदेश चांगलाच होता. पण पाच-सात माणसांच्या कारखान्यात तो कोण पाळणार आणि पाळला नाही तर दाद कोठे मागणार? जो मालक स्वतःच कर्जाच्या हप्त्याने जेरीस आला आहे, तो चौघांना घरी बसवून पगार देईल ही अपेक्षा भाबडी होती. त्याच महिन्यात कामाच्या ठिकाणी लसीकरण सुरू झाले, तेही सुमारे शंभर पात्र व्यक्ती असतील तेथे. म्हणजे मोठ्या कारखान्यांची सोय झाली, उद्यमनगरातील छोट्या कारखान्याच्या कामगाराने सार्वजनिक केंद्रावर रांग लावायची.

राज्य कामगार विमा योजना याच हेतूने 1948 च्या कायद्याने आली होती. महामारीच्या काळात तिचे नियम काय होते? दहा कामगारांच्या आतील आस्थापना सामान्यतः तिच्या बाहेर. आत असलेल्याला आजारपणात मजुरीच्या 70 टक्के लाभ, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. मात्र नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस विनालाभ. खोटे आजारपण रोखण्यासाठी ही अट असावी. पण कोरोनाचा रुग्ण लक्षणे दिसू लागतात त्याच सुमारास सर्वाधिक संसर्गजन्य असतो. ज्या दोन दिवसांत त्याने घरी राहणे सर्वांच्या हिताचे, नेमके तेच दोन दिवस विम्याने कोरडे ठेवले होते.

नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांत विजेवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली. संहितेच्या अन्य तरतुदी दहाजणांच्या आस्थापनेला लागू आहेत, हे खरे. तथापि त्याहूनही लहान शेडचा प्रश्न जेथे होता तेथेच आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी राबताना फेब्रुवारी 1897 मध्ये त्यांनाच प्लेगने गाठले. साथीला भिऊन कामगार गावी पळाले, गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा मालकांनी रोजच्या रोज मजुरी चुकती करून हातांसाठी चढाओढ केली. कामगार हजर राहावा म्हणून जादा पैसे मोजणे तेव्हा परवडले. आजारी कामगार गैरहजर राहावा म्हणून मोजणे सव्वाशे वर्षांनंतरही जड जाते.

आणि ते इतके जड आहे काय? वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले आणि प्रत्येक कामगार एकदा सात दिवस आजारी पडला असे मानले, तरी बोजा मजुरी-बिलाच्या सव्वादोन-अडीच टक्क्यांपुढे जात नाही. प्रत्यक्षात सगळेच आजारी पडत नाहीत. एकट्या छोट्या मालकाला मात्र हा भार एकाच महिन्यात उचलावा लागतो, म्हणून तो वाटून घेतला पाहिजे. महाराष्ट्राला याची रीत परकी नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे राबणाऱ्या हमालांसाठी मंडळे नेमली आणि मजुरीवर अधिभार लावून रजा, भविष्यनिर्वाह निधी अशा सोयी उभ्या केल्या. शिरोली किंवा उद्यमनगरातील छोट्या फौंड्र्यांसाठी असा निधी उभारणे अशक्य नाही.

इचलकरंजीत गुंता अधिक आहे. तेथील खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे सूत स्वतःचे नसते. ते व्यापाऱ्याचे, आणि कापडही त्याचेच. अधिभार यंत्रमागधारकाकडून घेतला तर तो विणकराच्या मजुरीतूनच कापला जाण्याची भीती आहे. तेव्हा तो व्यापाऱ्याने द्यावयाच्या विणाई-दरातच वेगळा दाखवून थेट निधीत जमा व्हावयास हवा. व्यापारी याला राजीखुशीने मान तुकवणार नाहीत. परंतु मजुरीवाढीच्या वाटाघाटींना त्यांना आजवर बसावे लागले आहे, आणि साथ नसताना हा विषय तेथे मांडण्यास आज कोणाची आडकाठी नाही.