वेगळा ग्लास काय सांगून जातो

‘मैत्री आम्ही तोडली नाही, फक्त त्याचा ग्लास वेगळा ठेवतो. सावध राहिलेलं काय वाईट?’ एखाद्याने आपल्याला एचआयव्ही असल्याचं विश्वासाने सांगितलं की हे ऐकू येतंच, आणि बोलणारा वर स्वतःला समजूतदार समजत असतो. लाळेतून, घामातून, उष्ट्या पाण्यातून हा विषाणू जात नाही, हे शाळेत शिकवतात. तरी ‘तोंडात जखम असली तर?’ उरतंच. त्याचं उत्तर १९८६ सालीच मिळालं आहे. एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरांतल्या, शरीरसंबंध नसलेल्या १०१ माणसांची तपासणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्या वर्षी छापून आली. ताटं, ग्लास, न्हाणीघर सामाईक, आणि विषाणू दाबणारं औषध तेव्हा बाजारात यायचं होतं. लागण फक्त एका लहान मुलाला होती, तीही बहुधा आईकडून जन्माच्या वेळची. आज सरकारी केंद्रांत, गोंदियाच्या केटीएस रुग्णालयातही, विषाणू दाबणारी ही औषधं (एआरटी) फुकट मिळतात. ती नियमित घेऊन विषाणू दबलेला असला, तर शरीरसंबंधातूनही तो जात नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाने (२०१६) अशा जोडप्यांचे कंडोमशिवायचे सुमारे ५८,००० संबंध मोजले. ज्या ११ जणांना लागण झाली, त्यांतल्या एकाचाही विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही, म्हणजे ती लागण दुसरीकडून आलेली होती. मग पानठेल्यावरच्या चहाच्या ग्लासाची भीती कसली?

बरं, हा ग्लास नुसता निरुपयोगी असता तर सोडून दिलं असतं. पण रोवणीच्या वेळी धुऱ्यावर सगळे एकाच गुंडातलं पाणी पितात आणि एकट्यासाठी डिस्पोजल निघतं, तेव्हा ‘याला काय झालं?’ हे विचारायला चार डोकी तयारच असतात. मित्राने तोंड उघडलं नाही, तरी गावाला कळलं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने सांगितलेली अशी माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगू नये, असं त्याचं कलम ८ म्हणतं. ‘मग आमच्यापासून इतके दिवस लपवलं, तो दगा नाही का?’ नाही. आपली लागण उघड करायची सक्ती, न्यायालयाचा आदेश सोडला तर, कुणावरच नाही. आणि सोबत जेवणाऱ्याला त्याच्यापासून धोकाच नसेल, तर दगा कशाचा?

बाकीचं थोडक्यात. एचआयव्ही डासाने होत नाही. चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. ‘दोन वर्षांचा सोबती’ हे औषधांपूर्वीचं बोलणं. वेळेवर उपचार घेणारा जवळपास इतरांइतकाच जगतो.

एक शंका मात्र रास्त आहे, क्षयाची. एचआयव्ही असलेल्याला तो लवकर गाठतो आणि हवेतून पसरतो. पण क्षय ग्लासातून जात नाही, तपासणी-औषधं फुकट आहेत, आणि यात जास्त धोका त्यालाच आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आपल्याला असेल, तर थुंकी तपासून होईपर्यंत त्याच्यापासून लांब आपण बसायचं.