लिनक्स ड्रायव्हरांतील मेमरी-वाटप : दोन दशकांचा मागोवा

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल, आणि नेटवर्क कार्ड, डिस्क, कॅमेरा अशा उपकरणांशी व्यवहार करणारा त्यातील भाग म्हणजे ड्रायव्हर. सामान्य प्रोग्राम चुकला तर बहुधा तो एकटाच बंद पडतो. ड्रायव्हर मात्र कर्नलच्याच अधिकारांनी चालत असल्यामुळे मेमरीच्या हिशेबातील त्याची एक चूक सबंध संगणक बंद पाडू शकते किंवा परक्याच्या ताब्यात देऊ शकते. मेमरी मागताना कोणते फंक्शन निवडावे याचे लिनक्समधील उत्तर गेल्या दोन दशकांत बदलत गेले, आणि जी दक्षता पूर्वी केवळ लिहिणाऱ्याच्या ध्यानावर विसंबून होती ती टप्प्याटप्प्याने फंक्शनांच्या रचनेतच उतरली.

मूळ फंक्शन केमॅलॉक. त्याला किती बाइट हवेत हे सांगावे लागते आणि सोबत एक निशाण द्यावे लागते : ‘जीएफपी_कर्नल’ दिल्यास मेमरी मोकळी होईपर्यंत थांबण्याची मुभा असते, तर उपकरणाने अचानक लक्ष वेधल्यावर, म्हणजे इंटरप्टच्या प्रसंगी, थांबणे शक्य नसल्याने ‘जीएफपी_ॲटॉमिक’ द्यावे लागते. केमॅलॉक जागा देते, पण पुसून देत नाही; आधीच्या वापरातील मजकूर तिच्यात तसाच उरतो आणि त्या जागेतील रचना वापरकर्त्याच्या प्रोग्रामकडे नकलली गेली की कर्नलमधील गुपिते बाहेर पडतात. २००५ साली २.६.१४ या आवृत्तीत आलेल्या केझॅलॉकने जागा शून्यांनी भरूनच देण्याची सोय केली.

त्याहून कपटी दोष गुणाकारात होता. ‘घटकांची संख्या गुणिले प्रत्येकाचा आकार’ असे लिहिणे इतके स्वाभाविक वाटते की त्यातील धोका अनुभवी डोळ्यांनाही दिसत नाही. ३२ बिटांच्या यंत्रावर १६ बाइटांचे २६,८४,३५,४५७ घटक मागितले तर गुणाकार मर्यादेपलीकडे जाऊन अवघा १६ उरतो, वाटप यशस्वी होते, आणि पुढे ड्रायव्हर आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीवर लिहीत सुटतो. ही संख्या बाहेरून येत असेल तर हल्लेखोराला आणखी काही लागत नाही. संख्या आणि आकार वेगवेगळे घेणाऱ्या केकॅलॉक या फंक्शनमध्ये गुणाकाराची तपासणी होती, पण ते जागा पुसूनही देत असे. केवळ तपासणी हवी असणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये, ३.४ या आवृत्तीत, केमॅलॉक_ॲरे आले. २०१८ च्या ४.१८ आवृत्तीत कर्नल-विकासक केस कुक यांनी कर्नलभर विखुरलेले असे उघडे गुणाकार बदलून घेतले. त्याच आवृत्तीतील स्ट्रक्ट_साइझ हे साधन, हिशेब ओसंडल्यास शक्य तितका मोठा आकडा परत देते, ज्यामुळे मागणीच फेटाळली जाते. या दोन दशकांतील हे सर्वांत मोलाचे काम मानायला हवे.

मेमरी परत करण्याची जबाबदारीही अशीच हलकी झाली : २००७ पासूनच्या ‘डेव्हएम’ कुळातील फंक्शने उपकरण ड्रायव्हरपासून सुटताच मेमरी आपोआप परत करतात. ही सोय मोठी असली तरी वापरकर्त्याच्या प्रोग्रामने उपकरणाची फाइल अजून उघडी ठेवली असेल तर परत गेलेल्या मेमरीलाच हात लागतो, हे अनेकदा विसरले जाते. २०१७ चे केव्हीमॅलॉक सलग जागा न मिळाल्यास विखुरलेल्या तुकड्यांची आभासी सलग जागा देते. अशी जागा उपकरणाने थेट मेमरी वाचावी अशा कामाला सरळ चालत नाही. २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीत प्रत्येक वाटप शून्यांनी भरण्याचा पर्याय सुरू झाला, अर्थात वेगाची थोडी किंमत मोजून.

२०२२ च्या अखेरीस ६.१ आवृत्तीत रस्ट भाषेला प्रवेश मिळाला, पण त्याआधीच लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मेमरी न मिळाल्यास कर्नल कोसळवणारे वाटप अमान्य ठरवले होते. त्यामुळे कर्नलमधील रस्टमध्ये अपयश हे परतीच्या मूल्यातच येते आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास कंपायलर बजावतो. निशाण मात्र तेथेही प्रत्येक मागणीसोबत द्यावे लागते, कारण त्या क्षणी थांबणे परवडेल की नाही हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.