ट्रॅकवर आधी ब्रेक बघा

स्पोर्ट्‌स कारची तुलना अश्वशक्तीवर आणि ०-१०० च्या सेकंदांवर चालते, पण ट्रॅकवर वजन जास्त बोलतं. निसान जीटी-आर साधारण १,७४० किलोची. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ती ताशी २५० वरून १०० किमीवर आणताना सुमारे ३५ लाख ज्यूल उष्णता तयार होते. दहा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल इतकी, आणि तीही एका वळणाआधी! टनभर वजनाच्या माझदा एमएक्स-५ ला २०० वरून १०० वर येताना याचा तिसरा हिस्साच सोसावा लागतो. हलक्या गाडीचं हे खरं मोठेपण.

मोठ्या कॅलिपरवर पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइल बदला. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतली ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंश. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे दबतात आणि पेडल थेट तळाला जातं. त्यानंतर पॅड. ट्रॅकचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, रोजच्या रस्त्यावर ते नकोतच. भोकं पाडलेल्या डिस्क देखण्या खऱ्या, पण तापून-निवून भोकांपाशी तडे जातात. साध्या किंवा खाचांच्या डिस्क बऱ्या.